रिकामा परतलो तो दिवस

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. सहा चाकांचा, पुढून थोडा पोचा आलेला, आणि सकाळी दोनदा खोकल्याशिवाय सुरू न होणारा. वय विचाराल तर चौदा वर्षं. माणसाच्या चौदा वर्षांच्या मुलाला अजून मिसरूडही फुटत नाही, पण आम्हा ट्रकांकडे या वयात भंगारवाले वळून वळून बघू लागतात.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मला एका मोठ्या मालवाहतूक कंपनीने घेतलं. तिथे आम्ही चाळीस ट्रक होतो. रोज सकाळी काचेच्या खोलीतून एक माणूस चिठ्ठी देई. अमुक ठिकाणी भरा, तमुक ठिकाणी उतरवा. माल कुठून येतो, तो कोण शोधतं, याचा विचार मी कधीच केला नाही. माझे मालकही करत नसत. तेव्हा ते माझे मालक नव्हते, नुसते ड्रायव्हर होते. पुढे कंपनीने जुन्या गाड्या विकायला काढल्या तेव्हा त्यांनी आयुष्यभराची पुंजी घालून मला घेतलं. स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाले, "चल गड्या. आजपासून आपणच आपले साहेब."

साहेब झालो खरे, पण चिठ्ठी देणारा कुणी राहिला नाही. आता माल मालकांनाच शोधावा लागे. कानामागे पेन्सिल, मांडीवर वही आणि खांद्याशी दाबून धरलेला फोन, असे ते सतत बोलत असत. "साहेब, गाडी रिकामी आहे. काही आहे का?" दिवसातून तीस वेळा हेच वाक्य. जाताना माल मिळे, येताना मिळत नसे. मग कुठल्यातरी गोदामांच्या वस्तीत दोन-दोन दिवस ताटकळत उभं राहायचं. थांबलो की पूर्वी ते माझ्याखाली शिरून चाकं तपासत, सांध्यांना ग्रीस लावत. आता थांबलो की फोन. माझा मागचा डावा ब्रेक कुरकुरू लागला होता. त्यांना ऐकू येत होतं, पण कानाला दुसरंच काही लावलेलं असे.

घरी ते आणि त्यांची आई, दोघंच. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दूध उतू गेल्याचं तिला वासावरून कळे. सरकारी दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली होती, चार महिने वाट पाहून. नियम एवढाच की सोबत घरचं माणूस हवं. त्या दिवशी आम्ही दोनशे मैलांवर परतीचा माल शोधत भटकत होतो. आज मिळेल, आत्ता मिळेल करता करता तारीख उलटून गेली. आई पिशवी घेऊन शेजाऱ्यांच्या आधाराने दवाखान्यात गेली, दुपारपर्यंत बाकावर बसली आणि परत आली. नर्सबाईंनी पुढची तारीख दिली, पुन्हा चार महिन्यांनंतरची.

मालक घरी आले तेव्हा आई माझ्यापाशी आली. हाताने चाचपत तिने माझं दार शोधलं. "अरे, काही नाही रे," ती म्हणाली. "इतके दिवस धुक्यात काढले, आणखी थोडे काढीन." ती रागावली असती तर मालकांना बरं वाटलं असतं. ती रागावली नाही, म्हणून त्यांना जेवण गेलं नाही.

त्यानंतर आठच दिवसांनी घडलेली गोष्ट सांगताना माझे टायर अजून थरथरतात. एका वळणापुढे रस्त्याचं काम चालू होतं. मालक फोनवर कुणाला तरी भाव सांगत होते. वळलो तर समोर हातात लाल झेंडा घेतलेला मजूर! ब्रेक दाबला. डावं चाक ऐकेना. मी फरपटत, तिरका होत, त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबलो. तो माणूस पळाला नाही, बहुतेक पळायचं त्याच्या ध्यानातच आलं नसावं. मग तो सावकाश खिडकीपाशी आला. म्हणाला, "काका, तुमचं बोलणं होऊ द्या. मग सांगा, मी बाजूला होतो."

मालकांनी फोन बंद केला. रस्त्याच्या कडेला मला उभं केलं आणि अर्धा तास स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले.

दुसऱ्या दिवशी ट्रक थांबतात त्या चहाच्या टपरीवर त्यांनी मनातलं बोलून टाकलं. समोर त्यांचा जुना सोबती होता, मिशीवाला. त्याचाही स्वतःचा एकच ट्रक.

"मी म्हणतो, माल शोधायला कुणीतरी नेमावं," मालक म्हणाले.

मिशीवाला कपात फुंकर घालता घालता थांबला. "म्हणजे बाहेरचा माणूस? अरे, मी करून बसलोय ते! तोंड न बघितलेला एक गृहस्थ. मला न विचारता होकार देऊन मोकळा व्हायचा. माल देणाऱ्या पार्टीला सांगायचा, गाडी दुपारी पोचते. गाडी कुठे, तर पंक्चर काढत उभी! शिव्या कुणाला? मला. वर प्रत्येक खेपेत त्याचा वाटा. नोकरी सोडली ती कशाला? पुन्हा कुणाच्यातरी तालावर नाचायला?"

"पण काल एक माणूस मरता मरता वाचला माझ्या हातून."

मिशीवाल्याने कप खाली ठेवला. एवढंच म्हणाला, "नेमणारच असशील तर तोंड बघून नेम."

मालकांनी ते ऐकलं. गावात एक बाई होत्या. वीस वर्षं त्यांनी एका मोठ्या गोदामाच्या खिडकीत बसून गाड्यांच्या पावत्या फाडल्या होत्या, म्हणून सगळे त्यांना खिडकीबाई म्हणत. गोदाम बंद पडल्यावर त्या घरी बसून पाच गाड्यांना माल मिळवून देत. मालकांनी मला थेट त्यांच्या दारात नेऊन उभं केलं. खिडकी उघडी होती, त्यामुळे बोलणं मला ऐकू येत होतं.

मला वाटलं होतं, बाई आधी आपला वाटा सांगतील. त्यांनी विचारलं, "झोप किती तास होते?"

मालक चाचरले. "होते तशी."

"तशी म्हणजे होत नाही. घरी कोण असतं? कुठल्या वारी घरी असायलाच हवं? कुठल्या घाटात गाडी घालायची नाही?" सगळं त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "होकार तुमचा, धावपळ माझी. तुम्हाला विचारल्याशिवाय मी कुणाला हो म्हणणार नाही. गाडी भरली तर माझा वाटा, नाही भरली तर नाही. आणि गाडी चालू असताना मी फोन केला तर उचलायचा नाही."

मग त्या बाहेर आल्या, चष्मा वर सरकवून माझ्याभोवती फिरल्या आणि मागच्या डाव्या चाकापाशी वाकल्या. "हे दुरुस्त करा. तोवर मला फोन करू नका."

मालक रस्ताभर धुसफुसले. "आल्या मोठ्या मुकादम!" पण मला त्यांनी नेलं ते गॅरेजातच. मित्रांनो, नवा ब्रेक लागल्यावर काय वाटतं ते कसं सांगू? पायातला काटा निघाल्यासारखं म्हणा.

पुढचे दिवस बरे गेले. सगळंच सुतासारखं सरळ झालं असं मात्र नाही. एकदा बाईंनी चुकीच्या फाटकाचा पत्ता दिला आणि आम्ही अर्धा दिवस उन्हात तापलो. त्यांनी सबब सांगितली नाही. "चूक माझी, या खेपेचा वाटा नको," म्हणाल्या. आम्हाला नेहमी माल देणारा एक जुना वाणीही रुसला होता. "आता तुमच्याशी बोलायला मध्ये माणूस लागतो का?" असं त्याने विचारलं. तेव्हापासून त्याच्याशी मालक स्वतःच बोलतात, आणि बाईंना त्याचं काही वाटत नाही. पण वही आता मांडीवर नसते. दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात. थांबलो की मालक माझ्याखाली शिरतात, आणि कधीकधी तिथेच सावलीत त्यांचा डोळाही लागतो.

अशातच आईची दुसरी तारीख जवळ आली. गुरुवारी सकाळी आठ वाजता. बुधवारी सकाळी आम्ही सहा तासांवरच्या एका फरशीच्या कारखान्यात होतो. दहाला भरायचं आणि संध्याकाळच्या आत घरी, असं ठरलेलं. पण दहा वाजून गेले, अकरा वाजले, तरी रांग हलेना. पेट्या उचलणारं यंत्र बिघडलं होतं. फाटकावरचा माणूस म्हणाला, "थांबा. दुरुस्तीवाला आला की होईल. उद्या सकाळचे सहा-सात वाजतील."

मालक केबिनमध्ये येऊन बसले. माल सोडून गेलो तर बाईंचा शब्द जातो, वाटाही जातो. थांबलो तर आई पुन्हा त्या बाकावर. फोन हातात घ्यायचे, ठेवायचे. मीच काय, समोरचा आरसाही जणू श्वास रोखून होता.

तेवढ्यात फोन वाजला.

"भरली का गाडी?" खिडकीबाईंचा आवाज.

"नाही हो. यंत्र बंद आहे. उद्या सकाळचे सात वाजतील म्हणतात."

बाई म्हणाल्या, "रिकामे निघा."

"अहो बाई, पण पार्टी…"

"पार्टीशी मी बोलते. शिव्या खायची सवय आहे मला, वीस वर्षं खिडकीत तेच केलंय."

"आणि तुमचा वाटा?"

"गाडी भरली का? नाही. मग कसला वाटा? तुम्ही पहिल्या दिवशी मला आईंची तारीख सांगितली होती, ती माझ्यासमोर भिंतीवर लिहिलेली आहे. निघा, आणि सावकाश जा. वेळ भरपूर आहे."

मित्रांनो, जिचं पोट भरलेल्या गाड्यांवर चालतं, ती बाई आम्हाला रिकामं जायला सांगत होती! मालकांनी दोन वेळा चावी फिरवली, मी दोन वेळा खोकलो, आणि निघालो.

रांगेतून मागे निघायलाच अर्धा तास गेला. फाटकातून बाहेर पडतो तर समोरून ओळखीचा ट्रक आत येतोय. मिशीवाला! तो जवळच कुठेतरी रिकामा उभा होता, हे बाईंनी शोधून काढलं होतं आणि टपरीवाल्याकरवी त्याला आमचा माल उचलायचा निरोप धाडला होता. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तुझ्या बाईंना सांग, हे एकदाच हं! तुझ्या आईसाठी." मग गाडी थोडी पुढे नेऊन पुन्हा थांबवली. "आणि त्यांचा नंबर दे. नुसता असावा म्हणून."

रिकामा ट्रक फार खडखडतो. एरवी मला त्याची लाज वाटते. त्या दिवशी खड्ड्याखड्ड्याला माझा हौदा भांड्यांच्या फडताळासारखा वाजत होता आणि मालक त्यावर बेसूर गात होते. ऊन असतानाच आम्ही घरी पोचलो. आई दारात बसली होती. माझा आवाज तिने वळणावरूनच ओळखला.

गुरुवारी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, शुक्रवारी पट्टी निघाली. आठवड्याने ती काळा चष्मा लावून माझ्यापाशी आली. या वेळी तिने काही चाचपलं नाही. सरळ दार उघडून पायरीवर चढली, आत डोकावली आणि ओरडली, "अरे देवा! केवढी ही धूळ! आणि हे काय, सीट फाटलीय? इतकी वर्षं अशा उकिरड्यात बसतोस आणि मला कुणी बोललं नाही?"

"आई, अजून धूळ जाऊ द्यायची नाही डोळ्यांत," मालक हसत म्हणाले.

"मी लांब उभी राहते. तू पूस. मी सांगते कुठे राहिलंय ते."

मित्रांनो, आम्ही गाड्या बोलत नाही, फार तर कुरकुरतो. तेवढ्यावरून आमचं दुखणं ओळखायला आम्हाला चालवणाऱ्याचं पूर्ण लक्ष लागतं, आणि सगळी कामं एकट्याच्या डोक्यावर असली की ते लक्ष उरत नाही. तुमच्या ओळखीचं कुणी गाडी चालवत असेल, तर वाटेत त्याला फोनवर बोलायला लावू नका. आणि आपल्या कामात त्याला मदतीला कुणी हवं असेल, तर त्याला हसू नका. फक्त त्या माणसाचं तोंड आधी बघून घ्या म्हणावं.

आता मला जायला हवं. मालकांचं पुसून झालं होतं, पण आईला आरशाच्या मागचा एक डाग दिसलाय.