स्टेअरिंगवरचं बोट

रत्नागिरी स्टेशनातून रिक्षा सुटली आणि निलेशने विषय काढला, "बाबा, उद्या पूर्णगडचं घर बघायला गिऱ्हाईक येतंय."

गंगारामांचं टाळकंच सटकलं. दोन महिने लेकाकडे ऑस्ट्रेलियात काढून ते त्याच्यासोबत आजच परतत होते, आणि पठ्ठ्याने परस्पर घर विकायला काढलंसुद्धा! बापाला कायमचं तिकडे न्यायचं, हे तुणतुणं तर तो तिथेही वाजवत होता.

ऑस्ट्रेलियातलं ते गाव तसं वाईट नव्हतं. चहूकडे कापलेल्या गव्हाची शेतं, एकच रस्ता, एक दुकान, बंद पडलेली शाळा. निलेश तिथे शेतीची यंत्रं दुरुस्त करायचा. गंगाराम सकाळी फिरायला निघाले की येणाराजाणारा प्रत्येक गाडीवाला स्टेअरिंगवरून एक बोट उचलायचा. एकजात सगळे! उभ्या जन्मात ज्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, त्यांना हे कसं खपावं? शेवटी त्यांनी एका म्हाताऱ्याची गाडी अडवली. "बोट कोनाला दाखवतंस रं?" म्हणत अस्सल पूर्णगडी भाषेत त्याची हजेरी घेतली. म्हातारा खाली उतरला आणि हसत हात पुढे केला.

बोट उचलणं हा तिथला रामराम होता, हे निलेशने संध्याकाळी सांगितलं. गंगाराम ओशाळले. मग तेही बोट उचलू लागले आणि म्हातारा त्यांना गाडीतून दुकानापर्यंत नेऊ लागला.

खरा राग आला तो निलेशच्या गाडीत. समोरून बोटं उठत होती आणि ह्याचे हात ढिम्म.

"पाच वर्षं राहतंस, एक बोट उचलवत नाय तुला?"

"कशाला ओळखी वाढवायच्या, बाबा? शहरात नोकरी मिळाली की मी निघणार."

"नि मी?"

"तुम्ही राहाल ना इथे, माझ्या घराकडे बघायला."

तेव्हा परमुलखात होते म्हणून गंगारामांनी राग गिळला होता. आता कुणाच्या बापाची भीती?

"रिक्षा थांबव!" ते ओरडले. रिक्षा एसटी स्टँडपाशी थांबली. "घर माझा हाय. विकायचा नाय. सांग तुझ्या गिऱ्हाइकाला."

"पण इथे एकटे राहून तुम्ही..."

"तिथं तरी तू कुठं राहनार हायस माझ्यासंगती? दाराला लावून निघून जायला मी बाप हाय तुझा, कुलूप नाय!"

बॅग ओढून घेत ते पूर्णगडच्या गाडीकडे निघाले. निलेशला 'चल' म्हणाले नाहीत.