पाणी आत जाईना

"शिस्टर, हात दुखत न्हाई व्हय तुमचा?"

साखराबाईंनी विचारलं तेव्हा रुग्णवाहिकेनं अर्धापूर मागे टाकलं होतं आणि महानंदाच्या मनगटाला मुंग्या येऊन गेल्या होत्या.

"दुखतो ना आई. पण सवय आहे," ती म्हणाली आणि तिनं फुगा दाबला. स्ट्रेचरवरच्या आप्पासाहेबांची छाती वर आली. सोडला. खाली गेली.

यंत्रावरून काढलेल्या माणसाला घरापर्यंत श्वास पुरवायचा तो असा, हातानं. घशातल्या नळीला लावलेला पपईएवढा रबरी फुगा, दर पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबायचा. नांदेडच्या त्या खाजगी दवाखान्यात महानंदाला बावीस वर्षं झाली होती. अशा खेपा तिनं अकरा केल्या होत्या. ही बारावी.

"ताई, खड्डा हाय, धरा!" पुढून संगप्पा ओरडला. रुग्णवाहिका आदळली. "जिता माणूस बी ह्या रस्त्यानं अर्धा होऊन राहिला, तिथं पेशंटचं काय सांगता!"

"तू पुढं बघ, संगप्पा."

"पुढंच बघून राहिलो ना. खड्डे काय मागं हायत?"

कुणी हसलं नाही. साखराबाईंनी नवऱ्याची पावलं मांडीवर घेतली होती. आठ दिवस दवाखान्याच्या बाकावर बसलेली ही बाई आता पहिल्यांदाच त्यांना हात लावत होती. पावलं चोळता चोळता तिच्या ओठांतून काहीतरी निसटत होतं, जात्यावर बसल्यासारखं.

"पायाखाली वाट सरं, घर ऱ्हायलं कोसभर,
दम धरावा रे जीवा, दारी लिंबाचा पदर."

एका ओळीला एक श्वास. महानंदानं मनातल्या मनात मोजणं सोडलं आणि तिच्या ओळींवर फुगा दाबत राहिली.

समोरच्या बाकड्यावर वैजनाथ, त्यांचा मुलगा. लातूरच्या हायस्कूलमध्ये नागरिकशास्त्र शिकवायचा. त्याच्या हातात मोबाईल, आणि मोबाईलमध्ये सकाळपासून एकच पान.

"सिस्टर, कायद्यात आहे हे," तो हळूच म्हणाला. "सुप्रीम कोर्टानं दिलंय. बरा न होणाऱ्या माणसाचा इलाज थांबवता येतो. पण आधी लिहून ठेवावं लागतं. दोन साक्षीदार, नोटरी नाहीतर राजपत्रित अधिकारी. लिहिलेलं नसलं तर डॉक्टरांचं एक मंडळ बसतं, मग दुसरं."

"मग विचारलं नाही डॉक्टरांना?"

"विचारलं. म्हणाले, आमच्याकडं कुठलं मंडळ? घरी घेऊन जा, स्वतःच्या इच्छेनं नेतो असं लिहून द्या. दिलं लिहून." त्यानं मोबाईल उलटा मांडीवर ठेवला. "कुणाच्या इच्छेनं, ते मात्र त्या कागदावर नव्हतं."

"आप्पा काही बोलले होते?"

"बोलले ना. नळी घालायच्या आधी. 'मला घरी न्या' म्हणाले." त्यानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. फुप्फुसातला कॅन्सर मेंदूत गेला होता. आठ दिवसांत पापणी हलली नव्हती. "आता बरं व्हायला न्या म्हणाले का मरायला, हे विचारायचं राहून गेलं, सिस्टर."

महानंदानं फुगा दाबला. निघताना तिनंही डॉक्टरांना विचारलं होतं, घरी पोहोचल्यावर काय करू? ते म्हणाले होते, "नातेवाईक सांगतील तसं. आपण काही बंद केलं असं मात्र लिहू नका." मागच्या अकरा खेपांना असंच झालं होतं. अंगणात कुणीतरी चुलता, कुणीतरी मामा डोळे पुसत "बास आता, सिस्टर" म्हणायचा आणि तिचा हात थांबायचा. थांबवलं कुणी, त्या मामानं की तिच्या हातानं, हे तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ही बारावी खेप झाली नसती, आणि नोकरी तर करायची होती.

हदगावच्या अलीकडे गाडी आत वळली. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं.

घर साधं, पत्र्याचं, पुढं सारवलेली ओसरी. चौघांनी स्ट्रेचर उतरवलं. महानंदा फुगा दाबत बाजूनं चालत राहिली. जाणारा माणूस बाजेवर जाऊ नये म्हणून ओसरीवर घोंगडी अंथरून ठेवली होती. आप्पासाहेबांना घोंगडीवर घेतलं. महानंदा गुडघ्यावर बसली. दाबला, सोडला. माणसं जमली.

सगळे वैजनाथकडे बघत होते. वैजनाथ महानंदाकडे.

"तुम्ही सांगा, सिस्टर."

"मी काय सांगू, सर? तुम्ही घरचे."

"मला वाटलं तुम्हीच... किती वेळ, कसं, ते तुम्हाला माहीत असतं ना?"

"मला फक्त दाबायचं माहीत आहे," महानंदा म्हणाली, आणि हे आपण मोठ्यानं बोललो याचं तिलाच नवल वाटलं.

साखराबाई आतून वाटी घेऊन आल्या. पाण्यात तुळशीचं पान तरंगत होतं. "गंगेचं न्हाई," त्या कुणालातरी सांगितल्यासारखं बोलल्या. "आपल्या हिरीचं हाय. ह्यांनीच फोडलेली हीर." त्यांनी चमचा आप्पासाहेबांच्या ओठाला लावला. तोंडात नळी, नळीला चिकटपट्टी. पाणी गालावरून ओघळून कानात गेलं. त्यांनी पदरानं टिपलं. पुन्हा चमचा. पुन्हा ओघळ.

"आत जाईना," त्या म्हणाल्या. मग वर बघून, "बाई, ही नळी काढा."

"माय, नळी काढली तर..." वैजनाथ पुढं झाला.

"तर काय? पाण्याबिगर धाडू व्हय तुझ्या बापाला?"

महानंदानं फुगा दाबला. तिला वाटलं, बाईंना कळलेलं नाही. सांगायला हवं. आजवर तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आई, नळी काढली की दम राहत नाही. थोडा वेळ चालेल, नाहीतर लगेच जातील. मला सांगता यायचं नाही."

"कवाचं ठाव हाय मला." साखराबाईंनी वाटी खाली ठेवली. "तुम्ही काढली तर पाप तुमच्यावर येतंय का?"

"माहीत नाही, आई."

"आन् कायद्यात?"

"ते पण नाही माहीत."

साखराबाई पुढं सरकल्या. मग त्यांनी आपला हात महानंदाच्या हातावर ठेवला, फुग्यासकट. "तुमाला म्हाईत न्हाई, ह्या शिकलेल्याला म्हाईत न्हाई. मला एवढंच म्हाईत हाय की ह्या माणसाला तहान लागली आसंल. काढा."

महानंदानं पट्टी सोडवली. सिरिंजनं नळी आत घट्ट धरणाऱ्या चिमुकल्या फुग्यातली हवा काढली आणि नळी बाहेर ओढली. आप्पासाहेबांचं तोंड आठ दिवसांनी मिटलं, पुन्हा थोडं उघडलं. साखराबाईंनी चमचा टेकवला. पाणी आत गेलं.

आणि छाती हलली. आपली आपण.

"सिस्टर! दम घेताहेत! आप्पा दम घेताहेत!" वैजनाथ तिच्या खांद्याला धरून हलवू लागला. "लावा परत. चुकलं आपलं, लावा!"

नळी पुन्हा घालणं नर्सचं काम नव्हतं. पण पिशवीत मास्क होता. फुग्याला जोडून तोंडावर धरता आला असता. महानंदानं तो बाहेर काढला. हातात धरला. आप्पासाहेबांनी आणखी एक श्वास घेतला, मग बराच वेळ काही नाही, मग एक. तिला कळेना, आपण वाट बघतोय की थांबलोय. हात वर न्यावा तर साखराबाई दुसरा चमचा भरत होत्या. न न्यावा तर लेक लहान मुलासारखा रडत होता. मास्क अर्ध्यात राहिला.

"ऱ्हाऊ द्या," साखराबाई म्हणाल्या, चमच्यावरची नजर न काढता. "पिऊन राहिलेत ते."

तिसरा चमचा ओठांतच राहिला.

साखराबाईंनी नवऱ्याचे अर्धे उघडे डोळे मिटले आणि मगच त्या रडल्या. बायका पुढं झाल्या. महानंदा मास्क पिशवीत ठेवून बाजूला सरकली.

दुपारी संगप्पानं गाडी वळवून घेतली, तेव्हा तिला खेपेचा कागद भरायचा होता. ओसरीच्या खांबाला टेकून ती रकाने भरू लागली. रुग्ण घरी पोहोचवला, एक वाजून दहा मिनिटं. पोहोचवताना स्थिती: जिवंत. खाली नातेवाइकाची सही. वैजनाथ पेन घ्यायला आला. त्यानं 'जिवंत' वाचलं आणि पेन परत केलं.

"काय लिवलं त्याच्यात?" मागून साखराबाईंनी विचारलं. कपाळ पुसलेलं होतं.

"घरी पोहोचवलं म्हणून, आई."

"बस, एवढंच?"

"एवढंच असतं."

"मग पुढचं बी लिवा. पाणी मी घातलं म्हणून लिवा. नळी मी काढा म्हणाले. ह्याचं नाव नगं, तुमचं बी नगं. माझं लिवा. साखराबाई."

त्यासाठी रकाना नव्हता. महानंदानं कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, सावकाश, एकेक अक्षर सुटं लिहिलं. साखराबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी वाकून त्या ओळींकडे पाहिलं, मग शाईत बुडवावा तसा अंगठा पेनच्या टोकाला घासला आणि ओळींखाली दाबून धरला.