झोपेत हसणारी

"बाबा, हे तं पुंजाजी काकांच्या बायकोवर लिवलं होतं तुमी," रागिणी म्हणाली.

सहदेवचा हात कीबोर्डवरच थांबला. पौर्णिमाला जाऊन उद्या वर्ष होत होतं. पुण्यस्मरणाची जाहिरात संध्याकाळच्या आत अकोल्याला पेपरात पाठवायची होती. तेल्हाऱ्यात कुणी गेलं, की जाहिरात सहदेवकडूनच जायची आणि फोटोखालच्या ओळी तो पदरच्या टाकायचा. दुसऱ्यांच्या आया-बायकांवर भराभर लिहिणारा हा माणूस स्वतःच्या बायकोपाशी येऊन सकाळपासून अडला होता. शेवटी एकच ओळ जमली: 'झोपेतही हसायचीस तू, कुणाशी ते सांगितलेच नाहीस.'

आणि तीही म्हणे जुनीच.

"तुही माय हासे झोपेत," तो म्हणाला. "तिचीच हाये थे ओळ."

"म्या नाई आयकलं कधी. मी आजीजवळ झोपत होती."

सहदेव आठवू लागला. तेव्हा काही सुचेना म्हणून पौर्णिमाचं हसू आपण पुंजाजीच्या पार्बताबाईला देऊन टाकलं, की पार्बताबाईचं आता पौर्णिमाला लावतोय? डोळे मिटून तो ते हसू ऐकायला गेला, तर नुसती ओळच आठवली. बायको गेली तेव्हासुद्धा तो इतका घाबरला नव्हता. तो चपला घालून तडक पुंजाजीकडे गेला.

पुंजाजी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होता.

"पुंजाजी, पार्बताबाई झोपेत हासत काय?"

"हासे ना." पुंजाजीनं शेंगा बाजूला ठेवल्या. "म्या तं इसरलोच होतो. तुमी पेपरात लिवलं अन् आठोलं. आता रोज आयकू येते." मग त्यानं विचारलं, "पण सहदेवभाऊ, हे तुमाले कसं मालूम झालं?"

ते माझ्या बायकोचं आहे, असं सहदेवच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पुंजाजी लहान लेकरासारखा त्याच्याकडे बघत होता.

"तुमीच तं सांगतलं होतं," सहदेव म्हणाला.

"असन," म्हणत पुंजाजीनं पुन्हा शेंगा हातात घेतल्या. कदाचित ते खरंही असेल. सहदेवला आता काहीच सांगता आलं नसतं.

घरी रागिणी वाट बघत होती. "पेपरवाल्याचा फोन आला होता. काय पाठवू?"

"नाव अन् फोटू पाठव."

"अन् ओळ?"

"थे पार्बताबाईची हाये," सहदेव म्हणाला.