भाजणाऱ्याचा कान

तुम्ही रसूलला एकदाही टेबलावर झोपवून तपासलं नाहीत, डॉक्टर. दोन वर्षं तो तुमच्या इंदापूरच्या दवाखान्यात येऊन, मान खाली घालून सांगत होता, "सायेब, रगत पडतंय." तुम्ही मोबाइलवरची नजर न काढता लिहीत होतात : मूळव्याध. मलम. तिखट बंद. पुढचा कोण?

रसूल कोण, हे तरी ठाऊक आहे का तुम्हाला? मटणाच्या दुकानांमागं पत्र्याच्या आडोशाला त्याची पंख्याची भट्टी. बोकडाची मुंडी, पाये जाळावर धरायचे, केस जाळायचे, सुरीनं खरवडून लख्ख करून द्यायचे. चाळीस वर्षं हेच. या कामात भाजणाऱ्याचा एक मान असतो. मुंडीचा एक कान त्याचा. जाळावर काळा कुरकुरीत झालेला तो कान मीठ लावून रसूल तिथंच तोंडात टाकायचा. दिवसाला आठ-दहा तरी व्हायचे. दुपारच्या भाकरीची गरजच नाही.

आप्पासाहेब ऊसवाले दर रविवारी मुंडी घेऊन यायचे आणि दर रविवारी तेच बोलायचे, "रसूलभाई, आमची कारभारीन इचारती, आपलंच बोकड एका कानाचं कसं?"

"वहिनीस्नी सांगा, मालकावर गेलंय. घरात एकाच कानानं ऐकतंय."

अख्खी रांग हसायची. रसूलही हसायचा, मग हळूच उठून आडोशामागं जायचा. परत यायचा तेव्हा चेहरा राखेसारखा.

यंदा त्याच्या विजारीचा पट्टा तीन भोकं आत गेला, तेव्हा त्याची बायको जमीला त्याला धरून बारामतीला घेऊन गेली. तिथल्या स्वरूपा डॉक्टर त्याच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी त्याला डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले आणि बोटानं तपासलं. पाच मिनिटं लागली नाहीत. मग दुर्बीण झाली, तुकडा तपासायला गेला. मोठ्या आतड्याच्या शेवटाला कॅन्सरची गाठ.

"काका, खाण्यात काय असतं?"

रसूलनं कानांचं सांगितलं. "रोजचं लाल मांस, त्यात असं जाळावर काळं केलेलं, त्यानं धोका वाढतो. शिजवलेल्याची गोष्ट वेगळी."

"म्हंजी ह्या कानांनीच घात क्येला?" जमीलानं विचारलं.

"एका माणसाचं असं खात्रीनं सांगता येत नाही, मावशी. पण रक्त पडायला लागलं तेव्हाच सापडली असती, तर गाठ लहान असती. आता लिव्हरपर्यंत गेलीय. आधी औषधं देऊ. ती कितपत दबते त्यावर ऑपरेशन ठरेल."

दुसऱ्या दिवशी रसूल तुमच्याकडं आला. रांगेत बसला, नंबर लागला तसा आत आला. जमीलाच्या पिशवीत मलमाच्या सगळ्या ट्यूब होत्या, शेपटापासून गुंडाळत आणलेल्या. रिकामी दाखवल्याशिवाय तुम्ही नवी लिहून देत नव्हतात, म्हणून तिनं जपल्या होत्या. तिनं त्या तुमच्यापुढं ओतल्या, बारामतीचा कागद वर ठेवला. कागद वाचून तुम्ही काय म्हणालात?

"तुम्ही लोक मटण खाता. मग दुसरं काय होणार?"

"खाल्लं की," रसूल म्हणाला. आवाज चढला नाही त्याचा. "करपल्यालं खाल्लं, आवडीनं खाल्लं. कुनी सांगितलंच न्हाय, ह्ये वाईट आसतंय म्हनून. तुमी तिखट सोडा म्हनलात, सोडलं. दोन वर्सं आळनी गिळतोय. तुमी सांगितल्यालं म्या सगळं क्येलं, सायेब. तुमी काय क्येलं?"

"बाहेर पेशंट ताटकळलेत, रसूल."

"व्हय. म्या बी ताटकळलोय."

तो उठला. तुमच्या तपासणीच्या टेबलावर औषधांच्या सॅम्पलचे खोके रचलेले होते. त्यांच्यावर धूळ होती. त्यानं ते एकेक करून खाली उतरवले, पायांशी नीट लावले. चपला काढल्या. रेक्झिनवर डाव्या कुशीवर झोपला, गुडघे पोटाशी घेतले, तोंड भिंतीकडं केलं. जाळानं करपलेले दोन्ही हात छातीशी धरले.

"आता तरी बगा."

जमीला दारात उभी राहिली. तुम्ही खुर्चीतून हलला नाहीत.

ती पाच मिनिटं दोन वर्षांत तुम्हाला का सापडली नाहीत, डॉक्टर? खाली बघू नका. तो अजून कुशीवरच आहे. त्याला सांगा.