अवसरीवरून दोन चकरा

"नाना, पट्टा सोडू नका!" गोरख ओरडला, तोवर विमान पुन्हा एकदा दाणकन खाली आलं.

शेजारच्या सीटवर त्याचे वडील, हौशीराम, दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते. "वर बी खड्डं हायेत व्हय रं?"

"रानं तापल्यात, नाना. तापलेली हवा वर उसळती, अन आपलं इमान बारकं. मोठ्या इमानाला येवढं जाणवत न्हाई."

उभी नोकरी गोरख हेच समजावत आला होता. या सहा सीटच्या भाड्याच्या विमानात कुणीही बसो, चेअरमन नाहीतर बिल्डर, पहिला धक्का बसला की म्हणणार, नीट चालवा ना राव! जणू खड्डे यानेच खणून ठेवलेत. सांगून सांगून तो थकला होता. हल्ली नुसतं 'सॉरी साहेब' म्हणून मोकळा व्हायचा.

आज साहेब नव्हते. त्यांना नाशिकला सोडून विमान रिकामं पुण्याला न्यायचं होतं. मालकाच्या हातापाया पडून गोरखने नाशिकला बहिणीकडे आलेल्या नानांना बरोबर घेतलं होतं. काचबिंदूने नानांचा डावा डोळा गेला होता आणि उजवाही आता थोड्याच दिवसांचा सोबती होता. दिसतंय तोवर अवसरीचं आपलं रान एकदा वरून बघायचं, एवढंच म्हातारा मागत होता. लेकाकडे त्यांनी आजवर दुसरं काही मागितलं नव्हतं.

सकाळच्या गारव्यात जायचं ठरलं होतं, पण साहेबांनी उशीर केला आणि मे महिन्याची भर दुपार झाली. त्यात हलकं जेवा म्हणून बजावलं असूनही नानांनी आमरस-पोळी चापली होती. लेकीच्या घरून अर्धपोटी उठायचं नसतं म्हणे.

जुन्नरच्या डोंगरांवर धक्के वाढले. दुरून डोंगर साजरे म्हणणारा असा दुपारचा त्यांच्यावरून गेला नसावा. गोरखने वेग उतरवला.

"नाना, उंच गेलो तर धक्के थांबतील. जाऊ?"

"तिथनं रान दिसंल?"

"न्हाई. नुसते ठिपके."

"मग ऱ्हाऊ दे हितंच."

कळंब मागे पडेपर्यंत नानांचा चेहरा पांढराफटक पडला. "दाराच्या खिशात कागदी पिशवी हाय, तिच्यात वका," गोरख म्हणाला.

"तिच्यात भंडारा हाय."

आईने लेकाच्या विमानावर उधळायला खंडोबाचा भंडारा दिला होता. आत उधळू नका म्हणून गोरखने दटावलं, तेव्हा नानांनी फाटक्या पुडीतला तो सगळा त्या पिशवीत ओतून ठेवला होता.

"सांडू द्या की नाना!"

"देवाचं हाय."

नानांनी डोक्यावरची टोपी काढून तोंडाशी धरली आणि तिच्यातच ओकले. आजोबा गेले तो दिवस सोडला तर गोरखने त्यांना घराबाहेर बोडकं पाहिलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाना, आपली विहीर! तुमच्याच बाजूला!" त्याने एक चक्कर मारली. वळताना विमान आणखी हिंदकळलं. नानांची मान खालीच. त्याने दुसरी मारली. "दिसलं का?"

"दिसलं रं. समदं दिसलं. लई झ्याक!"

त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते.

"अजून एक मारू?"

"नगं. दमला आसशील."

गोरखने विमान वर घेतलं. ढगांच्या वर हवा एकाएकी शांत झाली. नानांनी हळूच डोळे उघडले, काचेला कपाळ टेकवलं आणि खाली बघत राहिले. खाली नुसतं पांढुरकं ऊन होतं.