डिपेंडंटनं वाचलेली पुस्तकं

मिलिटरीवाल्याच्या बायकोला सरकारदरबारी एकच नाव असतं, डिपेंडंट. कॅन्टीनच्या कार्डावर डिपेंडंट, दवाखान्याच्या कार्डावर डिपेंडंट. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. साबण स्वस्तात मिळत असेल तर माणसानं कुठल्याही नावानं रांगेत उभं राहावं.

आमचे मालक सिद्धू मेटकरी हवालदार म्हणून रिटायर झाले आणि आम्ही आटपाडीकडचं गाव सोडून साताऱ्यात आलो. इथल्या माजी सैनिकांच्या वसाहतीत एक वाचनालय आहे. दोन खोल्या, सहा कपाटं, आणि टेबलामागं गुंडातात्या. तात्या पलटणीत क्लार्क होते, अजून तसेच आहेत. पुस्तक परत द्यायला गेलं की आधी पानं मोजतात, मग माणसाकडं बघतात.

वाचायला मी लग्नानंतर शिकले. त्याआधी मेंढरांमागं होते. हवालदारांची पत्रं गावातले मास्तर मला वाचून दाखवायचे आणि मधेच गालात हसायचे. नवरा-बायकोच्या मधे मास्तर नको म्हणून मी जावेच्या पोराच्या पुस्तकावरून अक्षरं गिरवली. सहा महिन्यांनी पहिलं पत्र स्वतः वाचलं. ‘मी खुशाल आहे. तुमची खुशाली कळवणे.’ एवढंच. मास्तर कशाला हसत होते, कोण जाणे. पण शिकलेलं काही परत ठेवता येत नाही. मग मी वाण्याच्या पुड्या वाचल्या, भिंतींवरच्या जाहिराती वाचल्या, आणि साताऱ्यात आल्यावर पुस्तकं.

गेल्या वर्षी जानेवारीत वाचनालयाच्या दारात काळा फळा लागला. ‘वर्षात पन्नास पुस्तकं.’ जो पुरी करेल त्याचं नाव पांढऱ्या रंगानं, ब्रशनं, कायमचं. पहिल्या दिवशी अठरा रिटायर माणसांनी नोंद केली. होळीपर्यंत चार उरले. मी नोंद केल्याचं सांगितलं तेव्हा हवालदार म्हणाले, “पेन्शन वाढणार हाय का त्यानं?”

नव्हतीच वाढणार. मला फक्त त्या फळ्यावर ‘हरणाबाई मेटकरी’ हवं होतं. माझं नाव आजवर कुठं लिहिलंच गेलं नव्हतं असं नाही. रेशन कार्डावर आहे, मतदार यादीत आहे. पण तिथं ते मी काही केलं म्हणून नाही, मी होते म्हणून आहे.

मी वाचत गेले. कुकरच्या शिट्ट्यांमधे वाचलं, दुपारी गच्चीवर शेंगा राखताना वाचलं, दवाखान्याच्या बाकड्यावर वाचलं. शेजारची धोंडुबाई म्हणायची, तुला काय परीक्षेला बसायचंय का या वयात. मी म्हणायचे, नाही ना, म्हणूनच गोड लागतंय. संध्याकाळी जेवताना हवालदारांना गोष्ट सांगायचे. ते ताटाकडं बघत जेवायचे. कधी हूं नाही, कधी चूं नाही. माझा समज, भिंतीला सांगतेय.

नोव्हेंबरात पन्नासावं पुस्तक परत दिलं. डिसेंबरच्या शेवटी फळ्यावर नाव आलं. ‘हवालदार सिद्धू मेटकरी. ५०.’

मी दोनदा वाचलं. मग आत गेले. तात्यांनी रजिस्टर काढून माझ्यासमोर ठेवलं. सभासद सैनिकच असतो. घरचं माणूस त्याच्या कार्डावर पुस्तक नेतं आणि ‘डिपेंडंट’च्या रकान्यात सही करतं. पन्नास ओळींत त्या रकान्यात माझी सही होती. पण पुस्तकं चढली होती कार्डावर आणि कार्ड होतं हवालदारांचं. नोंद करताना मी कार्ड पुढं केलं होतं, नाव सांगितलंच नव्हतं. कॅन्टीनच्या रांगेत कोण नाव सांगतं?

तात्या वाईट माणूस नव्हे. म्हणाले, “हवालदारांनी सत्काराच्या समारंभात माइकवर एकदा सांगू दे, की मी न्हाई, हिनं वाचलीत. कमिटी तिथंच बसलेली असती. दुसऱ्या दिवशी मी सोता नाव बदलतो.”

एक वाक्य. हवालदारांना सांगितलं तर म्हणाले, “सांगतो की. त्यात काय.” समारंभाच्या दिवशी बूट चढवतानाही मी आठवण केली. म्हणाले, “अगं, किती येळा?”

पाहुणे म्हणून एक रिटायर कर्नल आले होते. पुरुष पुढं, आम्ही बायका मागं. हवालदारांचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, शाल आली. कर्नलनी माइक त्यांच्याकडं दिला आणि विचारलं, पन्नासांतलं सगळ्यांत आवडलेलं कुठलं?

मी पदर सावरून बसले. आता सांगतील.

हवालदारांनी माइक दोन्ही हातांत धरला. मग त्यांनी एका विधवा बाईची गोष्ट सुरू केली. ती दुष्काळात कळप घेऊन एकटी नदीकाठानं निघते, ती. मी त्यांना ती श्रावणात सांगितली होती, दोन संध्याकाळी. शब्द माझे होते. बाई वाटेत आजारी मेंढरू खांद्यावर घेते तिथं मी थांबले होते, पाणी प्यायले होते. ते तिथंच थांबले. तिच्या कुत्र्याचं नाव पुस्तकात नव्हतं, मी आपलं आमच्या गावाकडच्या कुत्र्याचं घातलं होतं. तेही आलं. माझ्या पुढच्या बाईनं डोळे पुसले. तो माणूस वर्षभर ऐकत होता हे मला तिथं, खुर्च्यांच्या अकराव्या ओळीत कळलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. हवालदारांनी सलाम ठोकला आणि खाली उतरले.

घरी येताना रिक्षात म्हणाले, “लोकांस्नी लय आवडलं गं.”

मी विचारलं, “आणि नावाचं?”

“ते ऱ्हायलंच बघ.” खांद्यावरची शाल सारखी करत म्हणाले, “आता परत जाऊन सांगायचं म्हंजे कसं दिसंल? कर्नलसायबांनी शाल घातलीया.”

खोटं ते काहीच बोलले नव्हते. आवडलेलं पुस्तक विचारलं, आवडलेलं सांगितलं. फौजेत विचारलं तेवढंच सांगायची सवय लागते म्हणतात. मी रिक्षावाल्याला भाजीपाशी थांबायला सांगितलं, कारण घरात कोथिंबीर नव्हती.

या वर्षीचा आकडा साठ आहे. तात्यांनी हवालदारांचं नाव आपणहून यादीत सगळ्यांत वर टाकलं, मागच्या विजेत्याचा मान म्हणून. मी गेले की कार्डासाठी हात पुढं करतात. मी कार्ड नेत नाही. आतल्या खोलीत खिडकीपाशी एक बाकडं आहे, तिथं बसून वाचते. तात्यांनी बजावून सांगितलं, “बसून वाचणाऱ्याची नोंद होत न्हाई बरं का, वहिनी.”

म्हटलं, माहीत आहे.

घरी जेवताना हवालदार आता ताटातून मान वर करतात. भाकरी मोडतात, थांबतात, खाकरतात. परवा शेवटी विचारलंच, “सध्या काय वाचतीयास?”

मी त्यांच्या ताटात आमटी वाढली आणि म्हटलं, “आवं, मी कुठं वाचते? वाचता तुमी.”