राहुकाळातली अर्चना

अहवालातले वाक्य असे होते: "प्राध्यापक सांबशिवराव यांच्या मनात देशाच्या पंतप्रधानांविषयी वैयक्तिक द्वेष असून, त्या द्वेषापोटीच त्यांनी सरकारच्या परराष्ट्रीय युद्धधोरणाविरुद्ध लेख लिहिला, आणि मंगळवारी राहुकाळात दुर्गेपुढे लिंबाचे दिवे लावून पंतप्रधानांच्या नावाने शत्रुनाशाची अर्चना करविली."

वाक्य लांब होते. लांब वाक्यात खोट्याला पाय पसरायला जागा मिळते. महाविद्यालयाच्या चौकशी समितीपुढच्या लाकडी खुर्चीत बसून सांबशिवरावांनी ते वाचले, चष्मा पुसला आणि केळफूल निवडावे तसे ते एकेक पाकळी करून निवडायला घेतले.

मंगळवारी राहुकाळात तंजावरातल्या निम्म्या बायका अर्धे लिंबू उलटे करून त्यात तूप-वात घालतात. कोणाला मुलीचे लग्न जमायला हवे असते, कोणाला मुलाचा व्हिसा. त्या साऱ्या शत्रुनाशासाठी येत असत्या, तर गाव केव्हाच ओस पडले असते. शिवाय दिवे सांबशिवरावांनी लावलेच नव्हते. ते शेजारच्या बाईचे होते. अर्चना मात्र त्यांचीच होती, आणि ज्याचे नाव आणि जन्मनक्षत्र उच्चारून देवीवर कुंकू वाहायचे त्याचे कल्याण व्हावे, एवढाच अर्चनेचा अर्थ असतो. ज्याला मारायचे त्याला कोणी औषध पाजत नाही.

राहिला लेख. समुद्रापलीकडच्या एका युद्धात आपल्या सरकारने एका बाजूला तोफगोळे पुरवू नयेत, असे त्यात म्हटले होते. पंतप्रधानांचे नाव त्यात एकदाही नव्हते. पंतप्रधानपदावर कोणीही बसला असता तरी लेखातला एक शब्द बदलला नसता.

"संपलं?" समितीतले वकील कृष्णमूर्ती तमिळमध्ये म्हणाले. न्यासाचे हे महाविद्यालय, आणि न्यासाचे ते वकील. "एवढं जहाल लिहायचं आणि राग नाही म्हणायचं. मला तर सांबारात मीठ जास्त झालं तरी बायकोचा राग येतो, सर."

"म्हणूनच तुमच्या घरचं सांबार सुधारत नाही."

कृष्णमूर्ती हसले. त्यांच्या शेजारी बसलेले प्राचार्य भरद्वाज हसले नाहीत. अहवाल त्यांनी लिहिला होता.

"मग त्यांच्या नावानं अर्चना कशाला?" वकिलांनी विचारले.

"त्यांना शंभर वर्षं आयुष्य मिळावं म्हणून. उत्तर द्यायला माणूस जिवंत लागतो."

कोपऱ्यातल्या संगणकावर अखिला हे शब्दशः टंकित करीत होती. अखिला सांबशिवरावांची मुलगी. नवरा सोडून गेल्यापासून या कार्यालयातल्या पगारावर ती आपल्या दोन मुली वाढवीत होती, आणि तिचा नोकरीतला परिवीक्षेचा काळ याच महिन्यात संपत होता. कार्यालयात आणखी टंकलेखक होते. प्राचार्यांनी निवडून तिलाच बसवले होते.

भरद्वाजांनी खुर्ची पुढे ओढली आणि भाषा बदलली. कृष्णमूर्तींना न कळणारी, तंजावरच्या मराठी घरांतली जुनी मराठी.

"मामा, एकच ओळ आहे. 'पंतप्रधानांवरच्या रागाच्या भरात लिहिलं, आता पश्चात्ताप होतो.' सही करा आणि घरी जा. राग माफ करता येतो. मत माफ करायची सोय न्यासाकडं नाही."

"आणि नाही केली तर?"

"अखिलाच्या कायम नेमणुकीचा कागद माझ्या टेबलावर आहे."

कोपऱ्यातल्या कळफलकाचा आवाज थांबला. मराठी तिला कळत होती, आणि तिला कळते हे भरद्वाजांना ठाऊक होते.

सांबशिवराव त्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. वडील वारल्यावर ओरत्तनाडु गावाहून नात्यातला हा पोर त्यांच्या घरी शिकायला आला, पदवी मिळेपर्यंत राहिला, त्यांच्याच पंक्तीला जेवला. त्या काळी चुलतभावाशी नारळाच्या बागेवरून त्यांचा दावा चालू होता. प्रत्येक तारखेच्या आधी सांबशिवराव देवळात जाऊन त्या चुलतभावाच्या नावाने अर्चना करीत. घराण्याचा तसा परिपाठच होता: ज्याच्याशी भांडायचे, त्याचे कल्याण आधी मागायचे, म्हणजे भांडण बागेतच राहते, पोटात शिरत नाही.

"मजबरोबर देवळात ताट घेऊन कोण येत होता?"

"मीच."

"म्हणजे ही अर्चना कशासाठी असते, तुज ठाऊक होतं."

"ठाऊक होतं." भरद्वाजांनी पेनाचे टोपण लावले. "अहवाल वाचणारे आपल्या घरातले नाहीत, मामा."

हे त्यांनी गुर्मीने म्हटले नाही. एखादा विद्यार्थी उत्तर बरोबर आले म्हणून सांगतो, तसे म्हटले. समजले नाही म्हणून चुकलेल्याची सांबशिवरावांनी जन्मभर गय केली होती. इथे नेमके उलटे होते. अर्थ पुरता समजला होता, म्हणूनच तो इतक्या सफाईने विकता आला.

कोपऱ्यातून अखिलाचा आवाज आला. तिने मान वर केली नव्हती.

"अप्पा, एकच ओळ आहे."

शब्द भरद्वाजांचे होते. मुलीच्या तोंडात ते कसे गेले, हे सांबशिवरावांनी आत्ताच पाहिले होते. आत काहीतरी हलले. सवयीने त्यांनी ते तपासले. पंतप्रधानांविषयी इतक्या महिन्यांत त्यांनी स्वतःला अनेकदा चाचपले होते आणि दर वेळी हाती फक्त धोरण लागले होते. या वेळी हाती माणूस लागला.

"काय ठरलं?" कृष्णमूर्तींनी घड्याळ पाहिले. "सही की निवेदन?"

"निवेदन," सांबशिवराव तमिळमध्ये म्हणाले, वकिलांनाही अर्थ लागावा म्हणून. मग ते मुलीकडे वळले. "अखिला, सांगतो तसंच घे. एक शब्द गाळू नकोस."

"अप्पा, नको."

"घे."

तिने ते घेतले. अहवालाला जोडलेल्या पानावर आरोपीचा कबुलीजबाब असा आहे:

"पंतप्रधानांविषयी माझ्या मनात द्वेष नाही. मी त्यांना ओळखत नाही. त्यांचं नक्षत्रही मला ठाऊक नाही, अर्चना मी नुसत्या नावावर केली. युद्धधोरणाविरुद्धचा लेख मी शांत डोक्यानं लिहिला आणि तो मागं घेत नाही. वैयक्तिक द्वेषाचा आरोप मात्र आज, या खोलीत बसल्यावर, खरा झाला आहे आणि तो मला मान्य आहे. प्राचार्य भरद्वाज यांचं नक्षत्र पूर्वाभाद्रपदा. ते माझ्या घरी होते तोवर त्यांच्या दर वाढदिवसाला मी ते देवीपुढं स्वतः उच्चारलं आहे. त्यांच्या नावानं मी अर्चना करणार नाही."